रूळ ओलांडताना

एकतीस वर्षं मी ट्राम चालवली,
एक नंबरची, गेंट शहराच्या पोटातून.
ट्रामला हँडल नसतं,
हे उतारूंच्या कधी लक्षात येत नाही.
कुठे वळायचं ते रूळ ठरवतात.
आपल्या हातात फक्त वेग, ब्रेक
आणि घंटा.

निवृत्तीनंतर सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी
रक्ताचा रिपोर्ट माझ्याकडे फिरवला.
साखरेच्या आकड्याभोवती लाल गोल.
"गाडी रुळावर आणायला हवी, गोदेलीव्ह."
मला हसू आलं. त्यांना कळलं नाही का ते.

तुर्की पावाच्या भट्टीशेजारी सादिकचं दुकान.
मी काचेतली काळी सायकल दाखवली,
बारीक टायरची, दोन बोटांवर उचलावी अशी.
त्यानं आधी माझे गुडघे पाहिले, मग चपला.
"घोडी झकास आहे, बाई.
पण हिचं टायर रुळाच्या खाचेत
चावीसारखं बसतं."

ते मला ठाऊक होतं.
अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरात
हिरव्या कोटातला एक पोरगा
माझ्या पुढ्यात असाच खाचेत अडकून आडवा झाला.
मी होती नव्हती ती सगळी वाळू रुळांवर सोडली.
तीन मीटर उरले.
तो उठला, सांडलेले कांदे वेचले,
आणि माझ्याकडे बघून टोपी काढली.
त्या रात्री मी जेवले नाही.

सादिकनं मला भिंतीला पाठ लावून उभं केलं,
मांड्यांमध्ये हिशेबाची वही धरायला लावली
आणि शिंप्यासारखं माप घेतलं.
त्रेसष्टाव्या वर्षी मला कळलं,
माझे पाय पंचाहत्तर सेंटिमीटरचे आहेत.

मग मागच्या खोलीतून त्यानं ही आणली.
पोलादी, शेवाळी रंगाची, कुणाची तरी वापरलेली.
सात गिअर, तेही मागच्या चाकाच्या तुंब्यात लपलेले.
टायर असं रुंद की खाचेला घास मोठा पडावा.
"जुनी आहे," मी म्हटलं, भाव पाडायला.
"जुनी आहे म्हणून उघडते.
नवी बिघडली की लोक फेकतात."
भाव पडला नाही.

डेपोत माझी ट्राम रात्री दुसरेच कुणी धुवायचे.
एकतीस वर्षांत मी तिचं पोट पाहिलं नव्हतं.
आता शनिवारी सकाळी सायकल अंगणात उलटी,
चेनवरून जुना मोजा फिरतो,
एकेका कडीला एकेक थेंब तेल,
आणि मग ते तेलही पुसायचं.
हे मला सगळ्यात उशिरा पटलं.
बाहेर राहिलेलं तेल धूळ जेवते, म्हणतो सादिक.

हवा अंगठ्यानं बघते. पंप नंतर.
ब्रेकच्या रबरावरची रेघ पुसट झाली की बदलते.
मार्चमध्ये चाकाला आउट आला,
तेव्हा तारा मीच पिळल्या, पाव पाव आटा,
आणि चाक पहिल्यापेक्षा जास्त डुललं.
सादिक काही बोलला नाही.
त्यानं चहा मागवला.

आज कोरेनमार्क्टवर मागून एक नंबर आली.
फेअर्ले चालवत होती, मीच शिकवलेली.
तिनं घंटा दिली,
लांब, मग आखूड, मग आखूड:
बाजूला व्हा, पण घाबरू नका.
ही खूण माझीच.

रूळ ओलांडायचे तर तिरकं जायचं नाही.
समोरासमोर जायचं, काटकोनात,
ढुंगण सीटवरून जरा उचलून.
पुढचं चाक: धप्प.
मागचं चाक: धप्प.
आणि मी पलीकडच्या बोळात,
जो एकतीस वर्षं रोज सोळा वेळा
काचेतून फक्त सरकत जाताना पाहिला होता.

लाल गोल अजून आहे रिपोर्टवर,
जरा लहान झालाय, इतकंच.
बोळात दगडी फरसबंदी होती.
मागचं मडगार्ड खडखडायला लागलं,
कुठलातरी नट सैल असणार.
मी थांबले नाही.
शनिवारी बघू.